वीस मिनिटं

पाहुण्यांच्या वहीतली शेवटची नोंद
अकरा वर्षांपूर्वीची.
एक बाई; गावाचं नाव लागत नाही,
शेरा मात्र स्वच्छ: मासा खारट, आकाश पुरेपूर.
पुढची पानं कोरी. कोरी तरी कशी म्हणू,
वाळवीने आपल्या परीने भरलेली.

इथून उत्तरेला, होडीने अर्ध्या दिवसावर, केनिया संपतो.
पाण्यावर रेघ नाही.
पण ज्या रात्री तिकडून माणसं आली
आणि धक्क्यावरच्या सात होड्या पेटल्या
तेव्हापासून नकाशातली रेघ
आमच्या पोटातून जाते.

खोल्या चार. मी म्वानामिसी, त्यांची मालकीण,
अकरा वर्षं चार कुलपांना खोबरेल पाजत बसलेली.

बापाचं नाव फामाऊ. आयुष्यभर त्याने कासवं खाल्ली,
लपवत नाही.
आता तोच पहाटे किनारा चालतो,
माग दिसला की गुडघ्यांवर बसतो,
वाळूत हात घालतो कोपरापर्यंत,
बाळाच्या आंघोळीचं पाणी पाहावं तसा,
आणि काठी रोवतो. काठीला चिंधी, चिंधीवर आकडा.
चोराला वाटा ठाऊक म्हणून राखणीला नेमला,
असं स्वतःच सांगतो.
पगार वेळेवर येत नाही.

बायका खाडीत उतरतात, चिखल मांडीपर्यंत.
कुणाला दडायला जागा नको म्हणून
चौकीवाल्यांनी कांदळवन तोडलं होतं, तिथे परत रोपं.
निम्मी मरतात. मेल्यांच्या जागी दुसरी लावायची,
भांडत, हसत, कुणाच्या सुनेचं काय झालं ते बोलत.
खेकडे परतले,
ही बातमी कुठल्याच रेडिओवर आली नाही.

मग या जुलैत पाहुणे. दोघं, नैरोबीचे,
नव्या लग्नाचे, नव्या चपलांचे.
पहिला प्रश्न: रात्री उजेड असतो ना?
असतो, म्हटलं. चौकीचा झोत आहे,
रात्रभर समुद्र विंचरत असतो.
त्याच्या भरवशावर तर त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या.

त्याच रात्री चव्वेचाळीस नंबरची काठी कलली.
पिल्लं वर आली.
उजेड दिसतो तिकडे समुद्र,
एवढंच शिकवून आई निघून गेलेली,
तेव्हा ती निघाली
चौकीकडे, काटेरी तारेकडे.

बाप धावला. त्र्याहत्तराव्या वर्षी,
दोन्ही हात वर करून,
कारण इथे रात्री धावणाऱ्याने हात वर करायचे असतात.
लुंगी सुटली ती मी मागून धरली.
पहाऱ्यावर हवालदार चेरुइयोत,
डोंगरातला, चहाच्या मळ्यांतला, पोहता न येणारा.

"दिवा बंद कर."
"म्हातारबा, दिवा बंद केला आणि..."
ते वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ आहे.
पुरं कुणीच करत नाही.

त्याने खाली पाहिलं.
बुटाच्या नाडीत एक पिल्लू अडकून
हवेतच वल्ही मारत होतं.

"वीस मिनिटं," तो म्हणाला, आणि घड्याळाकडे पाहत राहिला
दिसेनासं झालं तरी.

इतका अंधार आम्ही विसरलो होतो.
पाहुणीने माझा हात धरला;
कुणाचा थरथरत होता ते सांगता येणार नाही.
वाळूवर बारीक सरसर,
सुपात तांदूळ फिरावेत तशी,
पायांवरून गेली, थांबली, वळली,
आणि लाटेच्या बाजूला उतरू लागली.

सतराव्या मिनिटाला लांब इंजिन घुमलं.
कुणी हललं नाही.
बाप नुसता श्वासासारखं पुटपुटत होता,
दुआ की आकडे, कळलं नाही.
(बर्फाची होडी होती. पहाटे कळलं.)

दिवा लागला तेव्हा वाळूभर रेघा,
सगळ्या एकाच दिशेच्या.
तीन पिल्लं तारेत मेलेली. ती बापाने खिशात घातली.

निघताना पाहुणीने वहीत लिहिलं:
रात्री वीस मिनिटं दिवा नव्हता.
एवढंच. खाली सही.

ही ओळ पुढच्यांना पळवून लावील की बोलावून आणील,
अजून ठरत नाही.
पान मी फाडलेलं नाही.
वहीला वाळवीचं औषध लावलं आहे.